काडेपेटीतील भूमिती, खराट्यातील पंप

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग मराठी शाळांच्या परिचयाचा आहे. कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, बाटलीची फुलदाणी, बांगड्यांचे तोरण अशा वस्तू तयार होतात. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुणे त्या पाहतात आणि त्यानंतर त्यांची रवानगी माळ्यावर होते. अलीकडे तर आइस्क्रीमच्या काड्यांची कोरी पाकिटे स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळतात, आणि 'टाकाऊ' वस्तू बनविण्यासाठी पालकांना खिशात हात घालावा लागतो. या शब्दप्रयोगाचा मूळ आशय मात्र यापेक्षा पुष्कळ खोल आहे. टाकून दिलेल्या वस्तूंतून खेळणे घडविणे आणि त्या खेळण्यातून विज्ञान, गणित व कला शिकणे ही भारतात गेली पाच दशके चालत आलेली एक विचारधारा आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात, पुण्यात लिहिला गेला.

जुनी परंपरा

खेळणे विकत आणायचे असते ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. आंब्याची रुजलेली कोय दगडावर घासून केलेली पुंगी, ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी, करवंट्यांचा तराजू, ताडाच्या पानाचे भिरभिरे, चिंध्यांची बाहुली ही खेळणी मराठी मुलखातील कित्येक पिढ्यांनी खेळली. चिंचोके आणि बांगड्यांच्या काचा हे तर मुलींचे सर्वांत स्वस्त भांडवल. या खेळण्यांना कारखाना नव्हता आणि त्यांच्या कर्त्याचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. मोठ्या भावाने लहान भावाला, आजीने नातीला दाखवावे आणि ते पुढे जावे, एवढाच त्यांचा प्रसार.

अशा खेळण्यांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचे श्रेय अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील (एनआयडी) प्राध्यापक सुदर्शन खन्ना यांना द्यावे लागेल. जत्रेत विकली जाणारी, रद्दी कागद, बांबू, माती आणि दोरा यांची खेळणी त्यांनी गोळा केली, त्यांच्या रचनेतील शास्त्र उलगडले आणि १९८३ साली ते पुस्तकरूपाने मांडले. फुंकर मारली की वाजणारे, दोरी ओढली की फिरणारे प्रत्येक खेळणे हे हवेचा दाब, घर्षण, गुरुत्वमध्य यांचे चालते उदाहरण असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ट्रकच्या कारखान्यातून आठवडी बाजारात

या विचाराला शाळेच्या वर्गापर्यंत नेणारे नाव म्हणजे अरविंद गुप्ता. ४ डिसेंबर १९५३ रोजी बरेलीत जन्मलेले गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियंता म्हणून बाहेर पडले आणि पुण्याच्या टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) रुजू झाले. टेल्कोतील ट्रकनिर्मितीत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले.

तेथे १९७२ पासून एक अभिनव प्रयोग सुरू होता. 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी १६ शासकीय माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याची निराळी पद्धत हाती घेतली होती. पाठ्यपुस्तक पाठ करण्याऐवजी मुलांनी प्रयोग करावेत, निरीक्षणे लिहावीत आणि निष्कर्ष स्वतः काढावेत, असा तिचा आग्रह. 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम पुढे सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. त्याच्या विस्तारासाठी १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली.

खेड्यातील शाळेत प्रयोग म्हटले की पहिला प्रश्न साहित्याचा. काचेची उपकरणे महाग, शिवाय ती जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेली. फुटली तर हिशेब द्यावा लागणार, या धास्तीने ती कुलपात राहतात आणि मुले त्यांची चित्रे पाहून परीक्षा देतात. ही अवस्था केवळ होशंगाबादची नव्हती. महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनाही ती अनोळखी वाटणार नाही. फुटण्याची भीती नसलेले, हरवल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळणारे साहित्य हवे असेल तर ते गावातच शोधावे लागेल, हे उघड होते. गुप्ता यांनी ते गावच्या आठवडी बाजारात शोधले. सायकल दुरुस्तीवाल्याकडे त्यांना व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली. चाकात भरलेली हवा परत फिरू नये म्हणून व्हॉल्व्हवर चढवतात ती ही रबराची बारीक नळी. काडेपेटीतील काडी तिच्यात घट्ट बसते, या एका साध्या निरीक्षणातून पुढील सारे घडले.

काड्या आणि नळी

काडीचे गुल आधी खरवडून काढायचे. व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटाच्या पेराहूनही लहान तुकडा कापून त्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचली की सांधा तयार होतो. तो लवचिक असल्याने काड्या हव्या त्या कोनात वळतात. तीन काड्या आणि तीन तुकडे घेतले की त्रिकोण, चार घेतले की चौरस. तीन काड्या एकाच बिंदूत जोडायच्या असतील तर नळीच्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडावे आणि तिसरी काडी त्यातून आत सरकवावी.

आता चौरसाचे दोन समोरासमोरचे कोपरे चिमटीत धरून हलकेच दाबावेत. चौरस कलतो आणि समभुज चौकोन होतो. बाजूंची लांबी तीच, म्हणजे परिमितीही तीच. पण आतील जागा डोळ्यांदेखत आक्रसत जाते. परिमिती समान असूनही क्षेत्रफळ वेगळे असू शकते, हा पुस्तकात दोन ओळींत उरकलेला मुद्दा येथे बोटांना कळतो. पंचकोन दाबला तर त्याची होडी होते. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. त्याच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरून जातात, म्हणून तो ढळत नाही. रेल्वेच्या पुलाच्या लोखंडी सांगाड्यात, गोदामाच्या छपराच्या कैच्यांत, विजेच्या उंच मनोऱ्यांत सर्वत्र त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर ज्या मुलाने हा खेळ केला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

येथून पुढे घन आकृत्या सुरू होतात. सहा काड्या आणि चार सांध्यांचे चतुष्फलक टेबलावर ठेवून वरून दाबले तरी खंबीर राहते. बारा काड्या आणि आठ सांध्यांचा घन मात्र उभा राहता राहताच कोसळतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बसवला की तो ताठ होतो. आणि हे करताना काडेपेटीतील काडी कर्णाला पुरत नाही, तिथे बाजूच्या सुमारे १.४ पट लांबीची काडी लागते, हेही लक्षात येते. पायथागोरसचा सिद्धांत शिकविण्याची याहून चांगली वेळ क्वचितच सापडेल. वरच्या वर्गांत याच काड्यांतून रेणूंच्या रचना दाखविता येतात. विकतच्या 'मेकॅनो' संचाचे हे देशी रूप अवघ्या काही पैशांत तयार होत असे.

'मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स' हे गुप्ता यांचे पहिले पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झाले आणि पाच लाखांहून अधिक प्रती वाचकांपर्यंत गेल्या. विज्ञानाच्या पुस्तकाला असा प्रतिसाद आपल्याकडे विरळाच. दूरदर्शननेही या प्रयोगांवर आधारित १२५ चित्रफिती दाखविल्या.

होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंद केला. तीन दशके उभे राहिलेले काम एका आदेशाने शाळांबाहेर गेले. काडी आणि नळी त्यातून वाचली, कारण तिला कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

'पुलस्त्य'चे अंगण

पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र म्हणजे 'आयुका' ही संस्था १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. दीर्घिका आणि कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेने शाळकरी मुलांसाठी दार उघडे ठेवावे, हा नारळीकरांचा आग्रह होता. त्यातूनच मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तिच्या इमारतीसाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने अर्थसाह्य दिले. इमारतीचे नाव 'पुलस्त्य' ठेवण्यात आले. सप्तर्षींपैकी एका ताऱ्याचे हे नाव. शिवाय त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत 'पु. ल.' वाचता येतात. पुलंना ही कोटी नक्कीच आवडली असती.

गुप्ता २००३ मध्ये या केंद्रात आले आणि २०१४ पर्यंत तेथे होते. शाळांच्या तुकड्या येत, मुले फरशीवर बसत आणि पुढ्यात पडलेल्या 'कचऱ्या'तून काहीतरी बनवून ते घरी घेऊन जात. बनवलेली वस्तू मुलाने स्वतःजवळ ठेवणे याला येथे महत्त्व होते. प्रयोगशाळेतील उपकरणाला हात लावू नये असा नियम असतो. येथे उपकरणच खिशात घालून न्यायचे. घरी गेल्यावर ते धाकट्या बहिणीच्या हाती पडते, शेजारचा मुलगा ते पाहतो, दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत चार नव्या पुंग्या वाजू लागतात. प्रसाराचा हा मार्ग आंब्याच्या कोयीच्या पुंगीइतकाच जुना आहे.

काही नमुने

पुंगीचाच विषय निघाला म्हणून सांगायचे तर, शीतपेयाच्या नळीचे एक टोक दातांनी चपटे करून कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरके कापले की दोन पत्त्या तयार होतात. त्या ओठांत धरून जोराने फुंकल्यास सनईसारखा सूर निघतो. फुंकर चालू असतानाच कात्रीने नळी दुसऱ्या टोकाकडून थोडी थोडी कापत जावे. नळी आखूड होत जाते तसा सूर चढत जातो. हवेच्या स्तंभाची लांबी आणि ध्वनीची वारंवारता यांचा संबंध मुलांना हसत हसत ऐकू येतो.

दुसरा नमुना पंपाचा. नळीच्या मध्यभागातून खराट्याची काडी आरपार घालावी. काडीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर नळीला अर्धवट छेद द्यावेत, तेथून ती खाली वाकवून त्रिकोण करावा आणि दोन्ही उघडी टोके काडीच्या बुडाशी दोऱ्याने बांधावीत. हे टोक पाण्यात बुडवून काडी दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखी घुसळली की नळीतील पाणी बाहेरच्या बाजूला फेकले जाते, त्याची जागा घेण्यासाठी खालचे पाणी वर चढते आणि छेदांतून तुषार उडू लागतात. शेतातील विहिरीवरचा केंद्रोत्सारी पंप याच तत्त्वावर चालतो. हा प्रयोग वर्गात न करता ओट्यावर किंवा अंगणात केलेला बरा.

विजेच्या मोटारीचा नमुना मोठ्या मुलांसाठी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचा मीटरभर तुकडा घ्यावा, तो बॅटरीच्या जाड सेलभोवती गुंडाळून दहा वेढ्यांचे वेटोळे करावे आणि दोन टोके समोरासमोर बाहेर काढावीत. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या पट्ट्याने सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन बसवावी, सेलच्या पाठीवर मोडक्या स्पीकरमधील चुंबक ठेवावे आणि वेटोळ्याची टोके पिनांच्या भोकांत अडकवावीत. यातील मर्म टोके खरवडण्यात आहे. इनॅमल तीन बाजूंनीच काढायचे, चौथी बाजू तशीच ठेवायची. सगळे इनॅमल काढले तर अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलट दिशेने लागतो आणि वेटोळे अडखळून थांबते. चौथ्या बाजूला विद्युतप्रवाह क्षणभर तुटतो, तेवढ्या वेळात वेटोळे आपल्याच गतीने पुढे सरकते आणि पुन्हा जोर मिळतो. पहिल्या प्रयत्नात ही मोटार सहसा फिरत नाही. खरवडणे कमी झाले, वेटोळे एका बाजूला जड झाले, टोके सरळ रेषेत नाहीत, असे काहीतरी राहून जाते. आणि ते शोधण्यातच खरा तास जातो.

सारेच नमुने विज्ञानाचे असतात असे नाही. वाळक्या पानांचे प्राणी हा त्यांतील एक सुंदर प्रकार आहे. पिंपळाचे पान उलटे ठेवले तर ते कोणाचे तोंड, बाभळीची बारीक पाने कोणाची आयाळ, चिंचेचा डहाळा कोणाची शेपटी, हे ठरविण्यात मुले तासन्‌तास रमतात. यात चूक-बरोबर नसल्याने वर्गात मागे बसणारी मुलेही पुढे येतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. जुन्या वर्तमानपत्राच्या टोप्या, होड्या आणि उडणारे पक्षी यांना तर कात्रीचीही गरज नसते. वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते असे म्हणतात; टोपी झालेला अंक मात्र आठवडाभर डोक्यावर राहतो.

ज्ञानाचे अन्नछत्र

या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे त्यावर कोणताही मालकी हक्क सांगितलेला नाही. गुप्ता यांच्या संकेतस्थळावर खेळणी बनविण्याच्या कृती छायाचित्रांसह आणि लघुचित्रफितींसह विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजीसह अनेक भाषांतील पुस्तकेही तेथून उतरवून घेता येतात. मराठीतील मुलांसाठी हा ठेवा विशेष मोलाचा आहे, कारण तालुक्याच्या गावी बालविज्ञानाचे पुस्तक मिळणे आजही दुरापास्त आहे. हे भाषांतराचे व चित्रफितींना आवाज देण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही. निरनिराळ्या भाषांतील सहकाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी ते केले आहे. एखाद्या शिक्षिकेने कृतीत फेरफार करून ती आपल्या वर्गात वापरली तर तिला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री किताब देण्यात आला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ व खेळण्यांच्या आधारे शिक्षणाचा उल्लेख आला. धोरणातील वाक्य वर्गापर्यंत येताना त्याचे काय होते हा अनुभव मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. खेळण्यांचे तयार संच खरेदी करून ते पुन्हा कपाटात ठेवले गेले, तर काचेच्या चंचुपात्रांचीच पुनरावृत्ती होईल. खेळण्याला गुण देण्याची पद्धत सुरू झाली तर ते रात्री जागून आईवडील बनवतील, हेही तितकेच खरे.

कचराही बदलतो

या खेळण्यांपुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली आहे. ज्या टाकाऊ वस्तूंवर ती बेतलेली होती त्यांपैकी काही आता टाकाऊच राहिलेल्या नाहीत. त्या नाहीशाच झाल्या आहेत. कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी हे त्याचे ठळक उदाहरण. घट्ट झाकणाची, हवाबंद, हलकी ही डबी छायाचित्रकारांच्या दुकानात ढिगाने फुकट मिळे आणि दोन डब्यांचा हातपंप हा कार्यशाळांतील आवडता प्रयोग असे. डिजिटल कॅमेरे आले आणि डब्या गेल्या. सायकलींचे व्हॉल्व्ह बदलले, तशी व्हॉल्व्ह ट्यूबही दुर्मीळ होत चालली. प्लास्टिकच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बंदी योग्यच, पण कागदी नळी ओठांत भिजून मऊ पडते आणि पुंगीचा सूर लवकरच बसतो. त्याऐवजी वापरून झालेल्या बॉलपेनच्या नळ्या, पपईच्या पानाचा पोकळ देठ किंवा बांबूची बारीक पोकळ काडी वापरून पाहता येते. पपईच्या देठातून चीक गळतो, तो ओठांना लागू देऊ नये.

उलट बाजूला नवा कचरा येत आहे. निकामी सीडीच्या मध्यभागी खालून काचेची गोटी आणि वरून बाटलीचे झाकण चिकटवले की उत्तम भोवरा होतो. तिच्यावर रंगीत कागद लावून फिरविल्यास रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. आता सीडीही फिल्मच्या डबीच्या वाटेने निघाली आहे. पार्सलची खोकी, औषधांची रिकामी पाकिटे, बिघडलेल्या इअरफोनमधील इवलीशी चुंबके, जुन्या मोबाइलमधील कंपनाची मोटार हे आजच्या घरातील अडगळीचे स्वरूप आहे. त्यांतून कोणती खेळणी निघतील हे ठरविण्याचे काम आजच्या मुलांकडे आहे.

घराजवळ सुरुवात

गावातील वाचनालय, गृहनिर्माण संस्थेचे सभागृह किंवा गणेशोत्सव मंडळाची खोली यांपैकी कोठेही असा वर्ग भरविता येतो. महिनाभर आधी एक खोके ठेवून त्यात घरोघरच्या वस्तू जमा कराव्यात. बाटल्या आणि झाकणे धुऊन वाळवूनच घ्यावीत. औषधांच्या बाटल्या, फुटकी काच आणि गळके सेल खोक्यात येऊ देऊ नयेत. ब्लेड एकच असावे आणि ते मोठ्या माणसाच्या हाती असावे. काडेपेटीतील काड्यांचे गुल मुलांसमोर न काढता आधीच काढून ठेवावे. पहिल्या दिवशी एका वर्गात वीसपेक्षा अधिक मुले घेऊ नयेत आणि दोनच कृती ठेवाव्यात, कारण पुंगीचा आवाज सुरू झाल्यावर पुढील सूचना कोणालाही ऐकू येत नाहीत.